गोन्झागा, संत आलॉयशियस : इटालियन धर्मचित्रकलेतील रूपांकन

गोन्झागा, संत आलॉयशियस : (९ मार्च १५६८–२१ जून १५९१). जेझुइट संघाचा तरुण इटालियन संत आणि कॅथलिक परंपरेतील विद्यार्थी व तरुण यांचा आश्रयदाता. मूळ नाव लुईजी. लोंबार्दी प्रांतातील कास्तील्योनेचा जहागीरदार फेर्रान्ते गोन्झागा याचा हा ज्येष्ठ पुत्र. वडिलांच्या मनात त्याने लष्करी पेशा पत्करावा असे असता, बालवयातच फ्लॉरेन्स येथे ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेतलेल्या आणि १५८० मध्ये कार्डिनल चार्ल्स बोरोमेओ याच्या हातून ख्रिस्तप्रसादाचा प्रथम संस्कार लाभलेल्या या मुलाचे चित्त स्पेनच्या राजदरबारातील वास्तव्यानेही पालटले नाही. १५८५ मध्ये त्याने जहागिरीचा वारसाहक्क धाकट्या भावाच्या नावे रीतसर सोडून दिला आणि रोम येथे संघप्रवेश केला. १५९१ च्या साथीत रोगपीडितांची शुश्रूषा करताना त्याला रोगाची बाधा झाली व तेविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. १६०५ मध्ये त्यास ‘धन्य’ ही पदवी व ३१ डिसेंबर १७२६ रोजी पोप तेरावा बेनेडिक्ट याच्याकडून संतपद मिळाले.

लक्षणे : साक्री तालुक्यातील बळसाणे या जैन तीर्थी विमलनाथ या तीर्थंकराची ओळख जशी वराहलांछनावरून पटते, कारण ध्यानमुद्रेतील तीर्थंकरांच्या मूर्ती बहुधा एकमेकींसारख्याच असतात, तशीच ख्रिस्ती चित्रकलेतही संताची ओळख मुखचर्येपेक्षा त्याच्या ठरीव चिन्हांवरून होते. आलॉयशियसच्या बाबतीत ही चिन्हे म्हणजे काळा पायघोळ झगा व त्यावरील पांढरा सैल अंगरखा, हाती क्रूस, शुचितेची निदर्शक शुभ्र लिली, मर्त्यतेचे स्मरण देणारी कवटी आणि बाजूस सारलेला सरदारी मुकुट. चेहरा कृश, फिकट व मिसरूड न फुटलेला. दृष्टी क्रूसाकडे खिळलेली अथवा ऊर्ध्व लागलेली.

इटलीतील प्रमुख कृती : ग्वेर्चीनो या चित्रकाराने १६५० च्या सुमारास, म्हणजे संतपदाच्या सुमारे पाऊणशे वर्षे आधी, रंगविलेल्या ‘आलॉयशियसला झालेले पाचारण’ या तैलचित्रात (सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) त्याने मुकुट त्यागून क्रूसाकडे मन वळविल्याचा क्षण आहे, वारसाहक्क सोडण्याचा दप्तरी व्यवहार येथे देवदूतांच्या साक्षीने घडलेल्या आध्यात्मिक घटनेचे रूप घेतो. रोम येथील सांत इन्यात्सीओ चर्चमधील आंद्रेआ पोत्सो याच्या आराखड्याची वेदी, जिच्याखाली संताचे अवशेष नील राजावर्ताच्या पात्रात ठेवलेले आहेत, ही या परंपरेतील सर्वांत वैभवशाली रचना होय. तिच्यावरील प्येर लग्रो या रोमस्थित फ्रेंच शिल्पकाराच्या संगमरवरी उत्थित शिल्पात (१६९७–९९) संत देवदूतांच्या मेळ्यात, मेघांवर, स्वर्गवैभवात दिसतो. याच लग्रोने पुढे रोममधील सांत आंद्रेआ अल क्विरिनाले येथे, वयाच्या सतराव्या वर्षी निवर्तलेल्या पोलिश संत स्तानिस्लास कोस्त्का याची मरणशय्येवरील मूर्ती रंगीत संगमरवरात घडविली. दोघांनाही संतपद एकाच दिवशी मिळाले. परंतु कोस्त्काची मूर्ती प्रेक्षकाला त्याच्या शय्येजवळ नेते, तर आलॉयशियसला शिल्पकाराने भूतलापासून पार वर उचलले आहे.

भारतातील रूपांकन : बेर्गामोनजीकच्या स्तेत्सानो येथे जन्मलेला आंतोनियो मोस्केनी (१८५४–१९०५) बेर्गामोच्या कारारा कला अकादमीत शिकला, १८८९ मध्ये जेझुइट संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाला आणि इटालियन जेझुइटांनी १८८० मध्ये स्थापिलेल्या मंगळूरच्या सेंट अलॉयशियस कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात १८९९ पासून त्याने भित्तिचित्रणास आरंभ केला. भिंती व छत व्यापणाऱ्या या कामात छताच्या मध्यभागी आलॉयशियसचे चरित्र क्रमाने येते : कास्तील्योनेच्या रहिवाशांस धर्मशिक्षण देणारा कुमार, संघप्रवेशासाठी पित्याची अनुज्ञा मागणारा पुत्र, रोममधील नवशिष्यगृहात आलेला तरुण आणि अखेरीस रोगपीडितांची सेवा करणारा धर्मबंधू. मोस्केनीने मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्येही चित्रकाम केले; कोचीनच्या सांताक्रूझ चर्चचे काम चालू असता १५ नोव्हेंबर १९०५ रोजी त्याचा मृत्यू झाला.

मूल्यमापन : सतराव्या–अठराव्या शतकांतील इटालियन कलेने लिली व मुकुट यांवर इतका भर दिला की, ज्या कृत्यात संताचे प्राण गेले ते रोगिसेवेचे कृत्य चित्रपटाच्या कडेला राहिले आणि नंतरच्या छापील धार्मिक तसबिरींतून एक कोमल, भावविवश किशोर तेवढा घरोघर पोहोचला. या ठरीव प्रतिमेचा दोष चित्रकारांच्या कौशल्यात नसून निवडीत आहे, कारण एका वेदीचित्रात एकच क्षण मावतो व तो क्षण त्यांनी बहुधा त्यागाचा वा गौरवाचा घेतला. मोस्केनीस लांबलचक छत उपलब्ध होते आणि चरित्रमालेची सांगता त्याने रोगग्रस्तांच्या सेवेत केली; त्यामुळे कलागुणांत रोमच्या वेदीशी तिची बरोबरी होत नसली, तरी चरित्राच्या यथार्थतेत मंगळूरची मालिका तिच्यापेक्षा सरस ठरते.