गोफाची दोरी

गोफाची दोरी म्हणजे चार किंवा अधिक पेड आळीपाळीने एकमेकांवरून व एकमेकांखालून नेऊन हाताने विणलेली दोरी होय. ग्रामीण महाराष्ट्रात असे विणकाम बैलांच्या म्होरक्या, पोळ्याची सजावट आणि पाखरे हाकलण्याच्या गोफणी यांत आढळते. कुत्र्याला शिकवताना हाती धरायची दोरीही याच पद्धतीने घरी तयार करता येते. तीन पेडांची सपाट वीण वेणीच्या रूपाने सर्वांच्या परिचयाची आहे. चार पेडांची वीण गोल होते. प्रस्तुत लेखात 'गोफ' हा शब्द मुख्यतः तिच्यासाठी वापरला आहे.

वळणे आणि विणणे

मराठीत दोर 'वळतात' आणि गोफ 'विणतात'. हा केवळ शब्दांचा भेद नाही. दोर वळताना तंतूंना एका दिशेने पीळ देऊन पेड करतात आणि पेड एकत्र आणताना उलट दिशेने पीळ देतात. हे दोन पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून साधे चऱ्हाटही वर्षानुवर्षे टिकते. मात्र ताण पडला की असा दोर स्वतःभोवती फिरू पाहतो आणि ताण सुटला की त्याला वेटोळी पडतात. खुंट्याशी शांतपणे रवंथ करणाऱ्या गायीला त्याचा फारसा त्रास नसतो. क्षणात पुढे झेपावणाऱ्या व क्षणात मागे वळणाऱ्या कुत्र्याला असतो. गोफात निम्मे पेड उजवीकडे आणि निम्मे डावीकडे वळत जातात. त्यामुळे त्यांची फिरण्याची ओढ परस्परांना छेद देते व दोरी सरळ राहते.

गोव्यातील शिमग्यात होणाऱ्या गोफ नृत्यात हीच रचना माणसांच्या पावलांनी साकारते. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके हाती घेऊन नर्तक एकमेकांना ओलांडत फिरतात आणि वर वीण पडत जाते. नंतर उलट पावलांनी तीच वीण उलगडतात.

वाख आणि दोरकाम

दोरासाठी लागणाऱ्या तंतूंना 'वाख' म्हणतात. तो मुख्यतः अंबाडी आणि घायपात यांपासून मिळतो. अंबाडीचे ताट कापून काही दिवस पाण्यात कुजवतात, साल सोलतात आणि धुऊन वाळवतात. भाजीसाठी पाला आणि दोरासाठी साल देणारे हे पीक पूर्वी अनेक शेतांच्या बांधावर असे.

मराठवाड्यात, कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) या गावाच्या टापूतही, श्रावण अमावास्येच्या बैलपोळ्याला बैलांना नवी वेसण, म्होरकी व कासरा घालण्याची रीत आहे. हे दोरकाम परंपरेने मातंग समाजाकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये : दोर वळण्याचे कसब जन्माने नेमून दिलेले होते, आणि त्याचा मोबदला रोखीत नव्हे तर सुगीच्या धान्यात मिळे. पुढे नायलॉनचा दोर बाजारात आला, शेतकरी खताच्या रिकाम्या पोत्यांचे धागे काढून दावी वळू लागले आणि ट्रॅक्टरमुळे बैलही कमी झाले. या कसबाची मागणी त्यामुळे घटली. आज जे 'हस्तकला' म्हणून शहरात विकत घेतले जाते, ते हेच कसब होय.

कुत्र्यासाठी दोरी

अंबाडीचा वाख तळव्याला टोचतो आणि वारंवार ओला झाल्यास कुजतो. नायलॉन बळकट असते. परंतु ते हातातून सरकले तर कातडी भाजल्यासारखी सोलवटते. पोत्याचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. नवशिक्याने पाच ते सहा मिलिमीटर जाडीची विणीव सुती दोरी घ्यावी. ती मऊ असते व धुता येते.

मुठीसह दीड मीटर लांबीच्या दोरीसाठी प्रत्येकी सहा मीटरचे दोन तुकडे पुरतात. फिरत्या हुकाच्या कडीतून दोन्ही तुकडे ओवून मधोमध दुमडले की चार पेड मिळतात. हुक भोवरकडीचाच असावा, कारण गोफाला पीळ पडत नसला तरी कुत्रा स्वतः गिरक्या घेतोच. हुक खुंटीला अडकवून विणण्यास आरंभ करावा. सर्वांत उजवीकडचा पेड शेजारच्या दोन पेडांच्या मागून न्यावा, पुढे काढावा आणि त्यांतील दुसऱ्या पेडावरून परत उजवीकडे आणावा. म्हणजे तो त्या दोघांच्या मध्ये बसतो. मग सर्वांत डावीकडच्या पेडाची हीच कृती उलट बाजूने करावी. एवढीच दोन पावले शेवटपर्यंत चालतात. प्रत्येक वेळी सारखाच ताण द्यावा. एक पेड सैल राहिला की पुढे सारे ओझे उरलेल्या तिघांवर येते.

शेवटचा सुमारे पस्तीस सेंटिमीटर गोफ दुमडून मूठ करतात. सांध्यावर मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे चार-पाच सेंटिमीटर घट्ट वेढे द्यावेत आणि दोऱ्याची टोके सुईने गोफात ओवून टाकावीत. सुती टोके जाळून बंद होत नाहीत, म्हणून हे वेढे आवश्यक आहेत. वापरापूर्वी हुक भक्कम जागी अडकवून दोन्ही हातांनी जोरदार झटके देऊन सांधा तपासावा.

वापर

प्रशिक्षणात दोरी सैल असणे हीच योग्य स्थिती मानली जाते. कुत्र्याने ओढ लावली की थांबावे. ओढ सुटली की लगेच शाबासकी किंवा खाऊ देऊन पुढे चालावे. दोरीला हिसका देऊन शिकवण्याने मानेला इजा होऊ शकते. हाकेसरशी परत येण्याच्या सरावासाठी आठ ते दहा मीटरची दोरी वापरतात. ती गळपट्ट्याला न लावता छातीपट्ट्याला लावावी, कारण धावत सुटलेल्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी मोठा धक्का बसतो. दोरी बोटांना वा मनगटाला गुंडाळू नये.

ही दोरी कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवण्यासाठी नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अथवा दोरीने बांधून ठेवणे हा अपराध आहे; नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून आणण्यात मालकाने केलेली हयगयही त्याच कलमात मोडते.

पिल्ले विणलेली दोरी चावतात. एक पेड जरी अर्धा तुटला तरी डागडुजी न करता ती दोरी बाद करावी. तिचा हुक काढून नव्या गोफाला वापरता येतो.