घरचं मैदान, बाहेरचं माप

आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, असं आपण सहज म्हणून जातो. क्रिकेटच्या फलंदाजाला ही म्हण लागू पडते का?

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागायतदाराला विचारलंत, तर तो म्हणेल, आधी माती पाहा. एकच वाण काळ्या जमिनीत वेगळा येतो, मुरमाड जमिनीत वेगळा. खेळपट्टीचंही तसंच असतं. ज्या मातीत फलंदाज वाढला, तिथे चेंडू किती उसळेल, किती वळेल, याचा अंदाज त्याला चटकन येतो.

मोठमोठ्या खेळी पाहिल्या तर हे पटतं. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावा १९३० साली सिडनीत झाल्या, हनीफ महंमदच्या ४९९ धावा १९५९ साली कराचीत. लारानं १९९४ मध्ये नाबाद ५०१ केल्या, त्याही आपल्या वॉरविकशायर संघाच्या मैदानावर.

या मालिकेत आपलंही एक नाव आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर त्यांनी काठेवाडविरुद्ध महाराष्ट्रासाठी नाबाद ४४३ धावा काढल्या. कमल भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ धावांची भागी झाली. ब्रॅडमनच्या बरोबरीला अवघ्या ९ धावा हव्या होत्या. पण पाहुण्यांचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. त्यांनी सामना सोडून दिला आणि विक्रम तिथेच राहिला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे.

कुणी म्हणेल, घरच्या मैदानावर केल्या, त्यात काय मोठंसं? त्याचं उत्तर परदेशातल्या धावाच देऊ शकतात. सुनील गावसकरांनी १९७१ साली पदार्पणाच्या मालिकेतच वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा केल्या. संपूर्ण कारकिर्दीत त्यांची सरासरी मायदेशी ५०.१६, तर परदेशात ५२.११ होती. सचिन तेंडुलकरच्या ५१ कसोटी शतकांपैकी २९ परदेशातली आहेत. म्हणजे घरची माती आधार देते हे खरं. पण अस्सल फलंदाज त्या आधारावरच उभा नसतो.

मात्र गावसकर आणि सचिन यांना बाहेर जाऊन हे सिद्ध करता आलं. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. ना मायदेशी, ना परदेशात. २०१२ साली ते गेले. परक्या मातीतलं त्यांचं माप कुणी घेतलंच नाही, मग घरच्या धावांना कमी लेखायचा अधिकार आपल्याला कसा पोचतो?

नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर आता महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. पिंपळगावच्या मुलांना ते जवळच आहे. गावच्या मैदानावर एखादा पोरगा शतकावर शतक ठोकत असेल, तर 'घरचा वाघ' म्हणून हसू नका. त्याला दुसऱ्या गावी, दुसऱ्या मातीत खेळायला पाठवा. निकाल त्यानंतर द्या.