थिबा राजाच्या मुली

भाट्याच्या खाडीपलीकडे, रत्नागिरीच्या टेकाडावर, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा आहे. १८८५ सालीं इंग्रजांनीं राजाला पदच्युत केलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच्या चार मुलींच्या विवाहाचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारांत घेत नाहीं.

कोनबाँग घराण्यांत पट्टराणी बहुधा राजाची सावत्र बहीण असे. ही चाल आपणांस चमत्कारिक वाटते. परंतु तिच्या मुळाशीं राजकारण होतें. राजकन्या परघरीं दिल्यास तिचा मुलगा उद्यां गादीवर हक्क सांगेल, हें भय होतें. थिबा व त्याची राणी सुपयालत हीं दोघेंही मिंडोन राजाचींच अपत्यें. सयामच्या चुलालोंगकोर्ण राजानेंही सावत्र बहिणी वरिल्या होत्या. पण त्यानें दुसरीही वाट चोखाळली. चिआंगमाईची राजकन्या दारारस्मी १८८६ सालीं त्याच्या अंतःपुरांत आली, आणि उत्तरेचें तें मांडलिक राज्य बँकॉकशीं अधिक घट्ट बांधलें गेलें. त्याच वर्षीं थिबा रत्नागिरीस कैदी म्हणून उतरला.

गादी गेली, तिच्या रक्षणासाठीं घातलेला दंडक मात्र उरला. इंग्रजांच्या पहाऱ्यांत वाढणाऱ्या मुलींना तोलामोलाचा वर मिळावा कोठून? थोरली राजकन्या फाया ग्यी हिचें मन राजपरिवाराच्या नोकरींतील गोपाळ सावंत यांच्याशीं जडलें. ते आधींच विवाहित होते. त्या संबंधापासून तिला एक मुलगी झाली. १९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला. दुसऱ्याच वर्षीं दुसरी राजकन्या, फाया लात, हिनें आईचा रोष पत्करून राजाच्या एका माजी ब्रह्मी चिटणीसाशीं लग्न केलें. १९१९ सालीं राणी रंगूनला परतली. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीसच आली व १९४७ सालीं येथेंच दारिद्र्यांत निवर्तली. तिची मुलगी मराठी बोलतच लहानाची मोठी झाली.

कित्येकांना यांत केवळ राजकुलाचा अधःपात दिसतो. मला तसें वाटत नाहीं. ज्या घराण्यानें कन्या म्हणजे गादीची ठेव मानली, त्यांतील या दोघींनीं राज्याचा हिशेब न पाहतां आपला जन्माचा सोबती निवडला. राजा, राणी व इंग्रज सरकार या तिघांनीं मिळून त्यांच्यापुढें दुसरा मार्ग ठेवला नव्हता, हें आपण त्यांना बोल लावण्यापूर्वीं आठवावें.