पांढरीची माती, माळवदाचे घर

परभणी जिल्ह्यातल्या मानवत आणि भोवतालच्या खेड्यांतले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. जाड मातीच्या भिंती, आत लाकडी खांबांचा सांगाडा आणि वर हातभर जाडीचे सपाट मातीचे छप्पर. या छपराला कुणी धाबे म्हणतात, कुणी माळवद. मातीच्या आडोशाने राहण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे. ट्युनिशियातल्या मातमाता गावात लोक जमिनीत मोठा खड्डा घेऊन त्याच्या चहूबाजूंना खोल्या कोरत. चीनच्या पिवळ्या मातीच्या पठारावर डोंगराच्या पोटात घरे आहेत. मानवत भागात माणसाने जमिनीत घर केले नाही. जमीनच उचलून घराच्या डोक्यावर ठेवली.

याचे कारण काळी माती. गोदावरीच्या खोऱ्यातली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. चैत्र-वैशाखात शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला ती सोन्यासारखी, पण घराच्या पायाला तिच्यासारखी दगाबाज माती दुसरी नाही. तिच्यात खोदलेली खोली एका पावसाळ्यात चेपली जाईल. तिची भिंत घातली तर वाळताना तिला तडे जातात. म्हणून घरासाठी वेगळी माती लागली, आणि ती गावातच होती.

मराठी मुलखातल्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची जागा पांढरी का, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. शेकडो वर्षे एकाच जागी घरे बांधली गेली, पडली, त्यांच्यावर पुन्हा बांधली गेली. चुलीची राख, शेण, चुना, हाडे, भिंतींचा ढासळलेला चिखल यांचे थरावर थर बसले. या मातीत चुनखडी आणि राख भरपूर, फुगण्याचा गुण कमी. रंग राखाडी-पांढरट. गाव त्यामुळे शिवारापेक्षा उंच टेकाडावर दिसते. थोडक्यात, नवे घर मेलेल्या घरांच्या मातीचे होत असे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हीच टेकाडे प्राचीन वसाहती शोधायला उपयोगी पडली.

बांधकामाची सुरुवात माती कुजवण्यापासून होई. पांढरी माती खणून तिचे आळे करत, त्यात पाणी सोडत, गव्हाचे काड किंवा भुसा टाकत आणि बैल किंवा माणसे घालून ती तुडवून घेत. काही दिवस मुरलेल्या चिखलाचे भेंडे पाडून उन्हात वाळवत, किंवा ओल्या चिखलाचाच थरावर थर चढवत. एक थर सुकल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. भिंतीची जाडी दोन-तीन फूट असे आणि तळाशी दगडाचे जोते. ऐपतदाराच्या घरी बाहेरून दगड, आतून माती.

छपराचा भार मात्र भिंतीवर टाकत नसत, निदान चांगला सुतार टाकू देत नसे. भिंतीच्या आत खांब उभे करून त्यांवर तुळया बसवत. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचण म्हणजे जवळजवळ लावलेल्या लाकडी पट्ट्या किंवा फांद्या. त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या आणि निंबाचा पाला. पाल्याने वाळवी दूर राहते असा अनुभव होता. मग ओल्या चिखलाचा थर आणि शेवटी कोरडी पांढरी माती, चोपून चोपून घट्ट केलेली. छपराला नजरेला न कळेल एवढा उतार देत आणि पाणी पन्हाळीतून अंगणात पाडत. तुळईची लांबी झाडाच्या लांबीवर ठरे, म्हणून माळवदाच्या खोल्या रुंदीला अरुंद आणि लांबीला हव्या तेवढ्या. घराचे मापही चौरस फुटात नसे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती खणांचे यावर घराण्याची पत कळे.

खिडक्या थोड्या. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी माळवदालाच एक भोक ठेवत, त्याला साणे म्हणतात. दुपारी साण्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडे आणि घरातल्या बायका त्याच्या जागेवरून वेळ सांगत. पावसाची सर आली की कुणीतरी निसण चढून साण्यावर घमेले पालथे घाली.

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि थंडीत राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांत परभणीचे नाव वरचेवर येते. अशा हवेत हे घर शहाणपणाचे होते. जाड मातीला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र पडते, आणि रात्री घरचे लोक माळवदावर झोपायला गेलेले असतात. दिवसा त्याच माळवदावर कुरडया, सांडगे, मिरच्या, तूर वाळत असे. अंगण, वाळवणाची जागा आणि शेज अशा तीन गोष्टी एका छपराने भागवल्या.

पण हे घर सवड देत नसे. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, माळवदाला माती द्यावीच लागे. पावसाने वाहून गेलेली, उंदरांनी पोखरलेली जागा भरायची, तडे बुजवायचे, वर खारी माती पसरून चोपायची. खारी माती पाणी आत शिरू देत नाही. श्रावणात माळवदावर गवत आणि आघाडा उगवे, तो उपटायचा. मुळे खाली गेली की तिथूनच गळती. आत भुई दर चार-आठ दिवसांनी शेणाने सारवायची, दिवाळीआधी भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायचा. ही सारी कामे बिनपैशाची होती, बिनकष्टाची नव्हती, आणि त्यांतली बहुतेक बायकांच्या वाट्याला होती. साध्या, स्वावलंबी जगण्याचे कौतुक करताना हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

घर मातीचे तसे धान्याचे कोठारही मातीचे. रोजच्या वापराची ज्वारी कणगीत असे: तुराट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली. त्याहून जास्त धान्यासाठी बळद. बळद म्हणजे भिंतीलगत बांधलेली बंद कोठी. तिला दार नसते. सुगीत माळवदावरच्या भोकातून धान्य आत ओतायचे आणि खाली जमिनीजवळच्या लहान भोकातून हवे तेवढे काढायचे. ते भोक चिंध्यांचा बोळा कोंबून बंद करत. बोळा ओढला की ज्वारी आपोआप सुपात येई.

सर्वांत मोठा साठा पेवात. जमिनीखाली धान्य ठेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत जमिनीत घेतलेले धान्याचे खड्डे सापडले आहेत. त्याच गावात जमिनीत खोदलेली गोल घरेही मिळाली, आणि मातीच्या भिंतींची चौकोनी घरेही. मराठवाड्यात माणसाचे घर जमिनीवरच राहिले आणि जमिनीखाली फक्त धान्य गेले, तेही काळीत नाही. पेव खोदायचे पांढरीत किंवा कठीण मुरमात, जिथे ओल चढत नाही. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र मोठे. तळाला आणि बाजूंना कडबा व भुसा लावून आत ज्वारी भरत आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकत. आतला प्राणवायू धान्याच्या श्वासाने संपतो, किडे मरतात आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडणे धोक्याचे असे. लगेच आत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या घटना घडत. म्हणून तोंड काढून पेव वारा घ्यायला सोडत, मग दोरीला बांधलेला कंदील आत सोडत. तो विझला तर अजून थांबायचे. सांगलीजवळच्या हरिपूरला अशाच पेवांत हळद साठवत. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठीत आजही रोज छापून येतो, पण तो लिहिणाऱ्यांपैकी पेव पाहिलेले विरळाच.

घर बांधायला बाहेरून काय लागे? थोडे लोखंड, आणि साग हवा असेल तर लाकूड. बाकी सगळे गावच्या शिवारातले. पऱ्हाट्या कापसाच्या, तुराट्या तुरीच्या, तुळया बाभळीच्या किंवा निंबाच्या. सुतार, लोहार, कुंभार यांना मजुरी नगद नसे. खळ्यावर रास झाली की तिच्यातून बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आणि तिच्यातले दोषही दाखवले. गाव स्वयंपूर्ण होते हे खरे, पण सर्वांना सारखे पुरत नव्हते. माळवद ज्याची जमीन आणि लाकूड त्याचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि भूमिहीनांकडे कुडाच्या झोपड्या, म्हणजे पऱ्हाट्यांच्या ताट्यांवर शेणमाती. मातीत राहणारे दोघेही. फरक डोक्यावरच्या मातीच्या जाडीचा.

मानवत तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे झाली आणि मानवत रोड स्टेशन आले. गावाची कापसाची बाजारपेठ वाढली. जिथे रेल्वे गेली तिथे कौले, लोखंडी पत्रे आणि पुढे सिमेंट गेले, आणि नगद पैसा हाती असलेल्यांनी ते आधी घेतले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात फिरले. नगदी पिके वाढली, दुकानातून धान्य मिळू लागले, पेवांची गरज संपली. बलुत्याची जागा रोजाने घेतली. मग माळवद चोपायला दर मृगाआधी माणसे कोण आणणार?

आळसाने आणखी एक दोष वाढवला. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेल्याने छपरे जाड होत गेली. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधारण ५ टन ओझे. दोन फूट झाली की १० टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हेच ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सरकारी आकड्यानुसार ८ हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आधी फुटल्या आणि त्यांच्या मागोमाग छपरे आली. पाहणीत एक गोष्ट अनेक ठिकाणी दिसली: जिथे खांबांचा सांगाडा धड होता, तिथे भिंती बाहेर पडल्या तरी माळवद खांबांवर उभे राहिले. दोष मातीचा कमी, सुतारकाम सोडून भिंतीवर भार टाकण्याचा जास्त. पुढच्या दुरुस्तीच्या कामांत छपरावरची माती कमी करून मधे प्लॅस्टिकचा कागद घालण्याचा उपायही सुचवला गेला. पण लोकांच्या मनात मातीचे घर म्हणजे मरण हे समीकरण पक्के झाले, आणि त्याला कुणी नावे ठेवू नयेत.

सरकारी नोंदीत मातीच्या भिंतीचे आणि मातीच्या छपराचे घर ‘कच्चे’ ठरते. १९८५ ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ ची ग्रामीण पंतप्रधान आवास योजना यांतून कच्च्या घराच्या जागी पक्के घर मिळत आले आहे. २०१६ च्या योजनेत किमान २५ चौरस मीटरचे, मैदानी भागात १ लाख २० हजार रुपयांच्या मदतीचे. त्यावर स्लॅब किंवा पत्रा असतो, आणि मे महिन्यात त्याखाली पंख्याशिवाय बसवत नाही. नव्या घरासाठी जुने पाडले की तुळया आणि कोरीव खांब जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात. भिंतींची पांढरी माती खत म्हणून ट्रॅक्टरने शेतात टाकतात.