भाडेकरू संरक्षण, महासाथीतील

साथरोगाच्या काळात भाडे थकले म्हणून किंवा संसर्गाच्या भीतीपोटी भाडेकरूला घराबाहेर काढले जाऊ नये, यासाठी केलेली तात्पुरती कायदेशीर वा प्रशासकीय तरतूद. घराबाहेर पडलेले कुटुंब नातेवाइकांच्या दाटीच्या खोलीत, निवारा केंद्रात किंवा गावच्या वाटेवर जाते आणि साथ पसरायला मदत होते. म्हणून ही तरतूद सार्वजनिक आरोग्याचाच भाग ठरते. भारतात तिची खरी कसोटी कोविड-१९च्या काळात, २०२०-२१ मध्ये लागली.

देशव्यापी टाळेबंदी सुरू झाल्यावर शहरांतून मजुरांचे लोंढे पायी निघाले. त्यांना थोपवण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली आदेश काढला. घरमालकांनी कामगारांकडे, त्यांत स्थलांतरित मजूरही आले, एक महिन्याचे भाडे मागू नये आणि मजूर किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्यावर कारवाई व्हावी, असे त्यात होते. आदेशात धाक होता. पण महिनाभर भाडे न मिळणाऱ्या मालकाला भरपाई नव्हती. तोंडी बोलीवर राहणाऱ्या मजुराला तर आपण भाडेकरू आहोत याचा कागदही दाखवता येत नव्हता.

डॉक्टर व परिचारिकांचा प्रश्न वेगळा होता. ते भाडे देत होते, तरी रुग्णालयात काम करतात म्हणून त्यांना घर सोडायला सांगितले जाई. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने साथरोग अधिनियम, १८९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या परिस्थितीवर परिणाम करणारा छळ हिंसेच्या व्याख्येत आला. त्याला ३ महिने ते ५ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठेवण्यात आला. या काळातले सर्वांत ठाम संरक्षण हेच होते.

महाराष्ट्रात गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी मालकांना भाडेवसुली किमान ३ महिने पुढे ढकलण्याच्या आणि थकबाकीपायी कोणाला घराबाहेर न काढण्याच्या सूचना दिल्या. त्यांचे स्वरूप मुख्यतः सल्ल्याचे होते. पक्का आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे, पण तो सर्वांना सारखा लाभत नाही. कलम १५ प्रमाणे थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला ताब्याचा दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी व्याजासह भरली तर घर वाचते. मात्र ही सोय जुन्या चाळींतल्या भाडेकरूसारख्यांची. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. मुदत संपताच त्याने जागा सोडायची. न सोडल्यास कलम २४ नुसार दुप्पट परवाना शुल्काची जबाबदारी येते. मुंबई-पुण्यातला नोकरदार आणि विद्यार्थी बहुतांशी याच गटातला असल्याने ज्याला आसरा सर्वाधिक हवा होता, तोच उघड्यावर राहिला. प्रत्यक्षात अनेकांचा निभाव डिपॉझिटमधून भाडे वळते करून किंवा मालकाच्या समजूतदारपणावर लागला.

न्यायालयांनी मात्र वेळ मिळवून दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये, आणि दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा, निष्कासन, ताबा व पाडकामाचे आदेश तात्पुरते स्थगित ठेवले. त्याचा लाभ गोव्यालाही मिळाला.

अमेरिकेत सप्टेंबर २०२० पासून आरोग्य यंत्रणेच्या आदेशाने देशभर निष्कासनास बंदी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. तिथे जोडीला थकीत भाड्यासाठी सुमारे ४,६५० कोटी डॉलर मंजूर झाले, जरी ते पोहोचायला फार उशीर झाला. भाडे पुढे ढकलण्याने कर्जच साचते. ते फेडण्याची व्यवस्था नसेल तर बंदी उठताच घर जाते आणि भाड्यावर जगणारा छोटा मालकही बुडतो. भारतीय आदेशांत ही बाजू कोरीच राहिली.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. अनिवार्य संकटात करार संपला तर संकट सरल्यावर आणखी महिनाभर त्याच अटींवर राहू द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. त्या संकटाच्या व्याख्येत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि निवासावर परिणाम करणाऱ्या इतर नैसर्गिक आपत्ती आहेत. महासाथीचे नाव नाही. भाडे हा विषय राज्यांचा असल्याने ते घालण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडे आहे.