शस्त्रक्रियेच्या नावांची फोड

शस्त्रक्रियांची नावे लांबलचक असतात. परंतु ती अवघड नसतात. ती सामासिक आहेत, आणि समासाचा विग्रह कसा करावयाचा हे मराठी शाळेत शिकलेल्यास सांगावयास नको.

या नावांची घडण ग्रीक आहे. 'टोमे' म्हणजे कापणे. ज्याचे तुकडे होत नाहीत तो 'अ‍ॅटम', यातही तोच धातू. 'एक' म्हणजे बाहेर. म्हणून 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणे. 'स्टोमा' म्हणजे तोंड. 'ऑस्टमी' म्हणजे तोंड पाडणे. नुसती 'ऑटमी' म्हणजे चिरून उघडणे. आमच्या सुश्रुतानेही आठ शस्त्रकर्मे सांगताना छेदन आणि भेदन, म्हणजे कापून काढणे आणि चिरणे, वेगळी मांडली आहेत.

धातू जुने असले तरी पोटावरील शस्त्रक्रियांचा हा परिवार वाढला तो एकोणिसाव्या शतकात. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरने भूल देता येते हे सिद्ध झाले आणि १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली. मगच पोट उघडण्याचे धाडस वाढले. १८४९ साली स्ट्रासबूर येथे सेदियो यांनी जठराला बाहेरून तोंड पाडून पाहिले होते, रोगी दगावला. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग यशस्वीपणे काढला. पुढल्याच वर्षी बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी पित्ताशय काढले: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढणे. कोलेसिस्टेक्टमी!

अर्थाची फोड ही अशी. जिभेची फोड निराळी. जीभ म्हणते, को-ले-सिस्-टेक्-ट-मी. इंग्रजी उच्चारात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो. गॅस्ट्रेक्टमीत तो 'ट्रेक्'वर, गॅस्ट्रॉस्टमीत 'ट्रॉस्'वर, गॅस्ट्रॉटमीत 'ट्रॉ'वर. जठर काढले, जठराला तोंड पाडले, की जठर नुसते उघडले, हे कळते ते नेमके त्याच ठिकाणी. घाईत तेवढेच गिळले की अर्थ गेला.

दवाखान्याचा कागद घेऊन कामगार युनियनच्या कचेरीत येतो, तेव्हा ही फोड व्याकरणापुरती राहत नाही. कोलेक्टमी म्हणजे मोठे आतडे, सगळे वा काही भाग, काढले. कोलॉस्टमी म्हणजे त्याचे तोंड पोटावर आणले. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मलाची पिशवी बाळगावी लागते आणि ती बदलण्यास आडोसा लागतो. त्याला पाळीवर कोणते काम द्यावे, हे ठरविण्यापूर्वी ते एक अक्षर नीट वाचले पाहिजे. आम्ही म्हणतो, ज्याच्या अंगावर शस्त्र चालणार त्याला त्याचे नाव फोडून सांगितलेच पाहिजे. आणि सही त्यानंतर घ्यावी.