झिलई आणि कुंभाराचा आवा

महाराष्ट्रातील कुंभाराने आपल्या भांड्यांस झिलई का दिली नाही, हा प्रश्न बहुधा तांत्रिक मागासलेपणाच्या सदरात घालून निकालात काढला जातो. हे उत्तर सोपे असले तरी पुराव्यास धरून नाही. झिलई ही वस्तू दख्खनला अपरिचित नव्हती. बीदर येथे महमूद गावानने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर रंगीत झिलईच्या फरशा जडविलेल्या होत्या व त्यांपैकी काही अद्यापही जागेवर आहेत. नेवासे येथील १९५४ ते १९५६ या काळातील उत्खननात मध्ययुगीन थरांतून झिलईदार भांड्यांचे तुकडे निघाले. वस्तू डोळ्यांसमोर होती. तरीही ती कुंभाराच्या आव्यात शिरली नाही. तेव्हा शोध अज्ञानाचा नव्हे, तर नकाराच्या कारणांचा घ्यावयास हवा.

पहिले कारण भांड्याच्या उपयोगातच आहे. पाण्याचा माठ सच्छिद्र असतो. आतील पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येते, त्याचे बाष्पीभवन होते आणि त्या क्रियेत उष्णता खर्च होऊन उरलेले पाणी गार होते. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसविलेला काचेचा थर. तो दिला की छिद्रे बुजतात व माठ माठ राहत नाही. ज्या भांड्यांस अभेद्यपणा हवा होता, त्यांची गरज तांब्यापितळेने भागविली आणि आंबट पदार्थांपासून संरक्षण देण्याचे काम कल्हईने केले. कल्हई ही धातूच्या भांड्याची झिलईच होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे कारण आव्याचे. उघड्या आव्यात भांडी, गोवऱ्या, लीद व काटक्या एकत्रच रचल्या जातात. त्यात उष्णता साधारणपणे ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि राख व धूर भांड्यास सर्व बाजूंनी भिडतात. झिलईचा थर नीट वितळावयाचा तर उष्णता अधिक व समान हवी, भांडी एकमेकांस चिकटू नयेत म्हणून सुटी ठेवावी लागतात, आणि राखेपासून ती दूर राखणारी बांधीव भट्टी लागते. शिवाय बहुधा दुसऱ्यांदा भाजावे लागते, म्हणजे जळणही दुसऱ्यांदा खर्ची पडते.

येथे प्रश्न गावगाड्याच्या अर्थव्यवस्थेशी येऊन भिडतो. कुंभार हा बलुतेदार. त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने ठरलेला. तो प्रत्येक भांड्याच्या गुणावर अवलंबून नसे. अधिक जळण व अधिक कौशल्य घालून केलेल्या भांड्याबद्दल वाढीव धान्य मिळण्याची तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती. झिलईस गिऱ्हाईक लागते, आणि बलुत्यात गिऱ्हाईक नसते. तीनही कारणांत हे कारण सर्वांत निर्णायक मानावे लागेल.

मुंबईच्या कलाशाळेतील प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेतील अधिकारी जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० नंतरच्या दशकात झिलईदार मृत्पात्रे घडविण्याचे काम चालविले. त्यासाठी आधार घेतला तो सिंधमधील परंपरेचा. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यातच होता (तो १९३६ मध्ये वेगळा झाला) आणि हाला येथील कारागीर झिलईच्या कामाबद्दल प्रसिद्ध होते. या पद्धतीत शिशाचे संयुग, म्हणजे मुरदाडशिंग, वाळूस लवकर वितळविते. तांब्याने हिरवा, कोबाल्टने निळा व मँगनीजने जांभळट तपकिरी रंग येतो. याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतील आकृती या भांड्यांवर उतरल्या. बर्डवुड यांनी १८८० मधील आपल्या ग्रंथात या कामाची दखल घेतली व त्याचे नमुने विलायतेत पोहोचले. अजिंठ्याची आकृती, सिंधची झिलई आणि इंग्रजी दिवाणखाना असा तो विलक्षण संगम होता! खेड्यातील कुंभारास मात्र त्यात स्थान नव्हते. प्रदर्शनातील फुलदाणीचे गिऱ्हाईक त्याच्या वेशीपर्यंत येणारे नव्हते.

झिलई घरात आली ती निराळ्याच वाटेने. जपानमध्ये कुंभारकाम शिकलेल्या बर्नार्ड लीच यांनी १९२० मध्ये शोजी हमादा यांच्या साहाय्याने इंग्लंडातील सेंट आइव्ह्ज येथे भट्टी उभारली. माती मळण्यापासून झिलई देण्यापर्यंतचे काम एकाच छोट्या कर्मशाळेत व्हावे, हे त्यांचे सूत्र होते. त्याच काळात जपानमध्ये शिकत असलेले सरदार गुरुचरण सिंग यांनी १९५२ मध्ये दिल्लीत आपली भट्टी सुरू केली. विजेच्या भट्टीने हे काम पुढे राहत्या घरात आणले. तीत ज्वाला नाही, राख नाही. म्हणजे उघड्या आव्याची मुख्य अडचणच उरत नाही. जुन्या अडचणींपैकी एक मात्र टिकून आहे : माती व झिलई थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर थरास बारीक तडे जातात. तसेच कच्चे शिसे विषारी असल्याने जेवणाच्या भांड्यांसाठी त्याऐवजी टाकणखारापासून केलेली काचपूड वापरतात.

घरी भट्टी लावणारा हा नवा कारागीर आपल्या भांड्याची किंमत स्वतः ठरवितो आणि ती न पटणारा गिऱ्हाईक परत जाऊ शकतो. बलुतेदार कुंभारास यांपैकी एकही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याच्या वंशजांपैकी जे आजही चाक फिरवितात, ते उन्हाळ्याच्या तोंडी माठच भाजतात, आणि तो बिनझिलईचाच असतो.